हार्डनेस कमी आली की परत एजिंगला टाकायचं? (इन्कोनेल ७१८ आणि भरड झालेले कण)

कुपवाडची_भट्टी
इन्कोनेल ७१८ (निकेलचा मिश्रधातू), बारमधून काढलेले जॉब. सोल्युशन (तापवून आतली मूलद्रव्यं धातूत विरघळवणं) ९८० अंशाला १ तास, हवेत थंड. एजिंग (मध्यम तापमानाला ठेवून ताकद देणारे बारीक कण काढणं) ७२० ला ८ तास, मग ताशी ५५ अंशाने ६२० पर्यंत उतरवून तिथे ८ तास, एकूण १८ तास. सोल्युशननंतर हार्डनेस २७७ ब्रिनेलच्या आत होती, म्हणजे तिथवर ठीक. एजिंगनंतर किमान ३३१ ब्रिनेल हवी, म्हणजे रॉकवेल सी मापात (एचआरसी) ३६ च्या आसपास. येतेय ३२ ते ३४. भट्टीचा चार्ट सरळ आहे.

शॉपमध्ये दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो एजिंग कमी पडलं, परत ७२० ला ४ तास टाका. दुसरा म्हणतो जास्त शिजलंय, कण भरड झाले. अख्ख्या लॉटला हात न लावता कोण बरोबर ते कसं ठरवायचं? आणि कण भरड होतात म्हणजे आत नेमकं काय होतं, तेही कुणीतरी नीट सांगा.

विषय_हार्ड
विषय हार्ड राहिला नाही, सॉफ्ट झालाय, म्हणून तर धागा निघाला 😄
माझं मत: परत टाका. तशी पण रिजेक्टच आहे.

विश्रामबाग_धातुशास्त्र
परत टाकू नका, थांबा. कमी शिजलेला जॉब परत टाकला तर सुधारतो. जास्त शिजलेला परत टाकला तर आणखी बिघडतो. मशीनवर दोघांचा आकडा एकच दिसतो.

आत काय होतं ते बघू. ७१८ ची ताकद येते ती निकेल-नायोबियमच्या बारीक चकत्यांमुळे, म्हणजे गॅमा डबल प्राइममुळे. सोबतीला थोडा गॅमा प्राइम असतो, निकेल-अ‍ॅल्युमिनियम-टायटॅनियमचा. निमोनिक ८०ए किंवा वॉस्पालॉय या दुसऱ्या निकेल मिश्रधातूंमध्ये सगळा भार गॅमा प्राइमवर. एजिंगच्या सुरुवातीला हे कण जन्मतात, भोवतालच्या धातूतला जास्तीचा नायोबियम किंवा अ‍ॅल्युमिनियम ओढून वाढतात. ओढण्यासारखं फारसं उरत नाही तेव्हा खेळ बदलतो. आता ते एकमेकांना खायला लागतात.

कारण पृष्ठभाग. लहान कणात एकूण अणूंपैकी काठावरचे अणू जास्त, आणि काठावरचा अणू सैल धरलेला असतो. त्यामुळे लहान कणाच्या भोवती विरघळलेला नायोबियम किंचित जास्त, मोठ्याच्या भोवती किंचित कमी. जास्तीकडून कमीकडे अणू सरकत राहतात. लहान कण झिजून नाहीसा होतो, मोठा आणखी मोठा होतो. बळी तो कान पिळी. कणांचं एकूण आकारमान जवळपास तेवढंच राहतं, संख्या मात्र घटते आणि दोन कणांमधलं अंतर वाढतं.

ओस्टवाल्डने हे १९०० च्या सुमारास मांडलं. धातूंसाठी कामाचं गणित १९६१ मध्ये आलं: एकीकडे लिफशिट्झ आणि स्लियोझोव्ह, दुसरीकडे स्वतंत्रपणे वॅग्नर. निष्कर्ष सोपा आहे. सरासरी त्रिज्येचा घन वेळेबरोबर सरळ रेषेत वाढतो.

आताच्या त्रिज्येचा घन = सुरुवातीच्या त्रिज्येचा घन + (के × तास)

या के मध्ये तीन गोष्टींचा गुणाकार आहे: कण आणि धातू यांच्यातल्या सीमेची ऊर्जा, अणूंचा सरकण्याचा वेग, आणि त्या मूलद्रव्याची धातूतली विद्राव्यता. मिश्रधातू बनवणाऱ्यांची सगळी धडपड या तिघांपैकी एखादा आकडा खाली आणण्याची असते.

उदाहरण म्हणून गृहीत धरलेले आकडे घेऊ. १०० तासांत २० नॅनोमीटरचा कण ३० चा झाला. २७,००० वजा ८,००० भागिले १००, म्हणजे के १९०. मग १,००० तासांनी त्रिज्या ५८, आणि १०,००० तासांनी १२४. वेळ दहापट, त्रिज्या दुपटीच्या थोडी वर. पण २० वरून ५८ होताना २५ कणांमागे जेमतेम १ कण उरलेला असतो, हेही लक्षात घ्या.

पॅनवाला
साखर कारखान्यात पॅनवर हे रोज दिसतं की ओ. फॉल्स ग्रेन आला, म्हणजे नको तिथे बारीक दाणा पडला, की पाणी मारून धुतात. बारीक दाणा आधी विरघळतो, मोठा टिकतो. तेच ना हे?

विश्रामबाग_धातुशास्त्र
अर्धं तेच. बारीक दाणा आधी विरघळतो, हा भाग बरोबर. पण पॅनमधला दाणा मोठा होतो तो मुख्यतः तुम्ही बाहेरून सिरप देत राहता म्हणून. तिथे साखरेचं एकूण वजन वाढतं. भरड होताना बाहेरून काहीच येत नाही, एकाचं घर मोडून दुसऱ्याचं बांधलं जातं. जवळचं उदाहरण म्हणजे फ्रीझरमध्ये महिनाभर पडलेली कुल्फी. दूध-साखर तेवढीच, पण बर्फाचे कण जिभेला लागायला लागतात. वारंवार लाईट जाऊन तापमान वरखाली झालं की लवकर.

पॅनवाला
पटलं. कुल्फीचं लक्षात राहील.

तासगाव_टूलरूम
कण मोठा झाल्यावर ताकद का कमी होते? मोठा दगड तर जास्त अडवायला पाहिजे.

विश्रामबाग_धातुशास्त्र
धातू वाकतो तेव्हा आत डिस्लोकेशन नावाच्या रेषा सरकत असतात. कण अगदी लहान असला तर रेषा त्याला कापून आरपार जाते. कण जसा मोठा, तसं कापणं अवघड, म्हणून सुरुवातीला आकार वाढला की ताकद वाढते. एका हद्दीनंतर कापण्यापेक्षा दोन कणांच्या मधून वाकून निसटणं सोपं पडतं. त्यानंतर ताकद कणाच्या आकारावर नाही, मधल्या फटीवर ठरते. फट दुप्पट, ताण निम्मा. निकेलसाठी ढोबळ हिशेब: फट १०० नॅनोमीटर असेल तर साधारण २०० मेगापास्कल शिअर ताण लागतो, २०० नॅनोमीटर असेल तर १००. हार्डनेसचा आलेख डोंगरासारखा चढून उतरतो तो यामुळे. डोंगराच्या दोन्ही उतारांवर एकच उंची सापडते, आणि कुपवाडकरांची अडचण नेमकी तीच आहे.

तासगाव_टूलरूम
समजलं. तापमानाचं काय? साधारण ५० अंश वाढले की वेग दुप्पट, असं धरतात ना?

रॉकवेल_मिरज
नाही, हा अंदाज फार भोळा आहे. निकेलमध्ये अ‍ॅल्युमिनियम वगैरे सरकायला लागणारी ऊर्जा मोलमागे २७० किलोज्यूलच्या आसपास धरा आणि गणित करा. ७५० चे ७७५ झाले की के २.१ पट. ७५० चे ८०० झाले की ४.४ पट. म्हणजे दुप्पट व्हायला २५ अंश पुरतात. वरच्याच उदाहरणात ५० अंश जास्त असते तर १,००० तासांनी ५८ ऐवजी ९४-९५ नॅनोमीटर, आणि १०,००० तासांनी १२४ ऐवजी २०३.

एजिंग दोन पायऱ्यांत का, हेही याच गणितातून येतं. ६२० ला अणूंचा वेग ७२० च्या मानाने सुमारे चाळीसावा भाग. थेट ६२० ला टाकलं तर भट्टी कित्येक दिवस अडकून पडेल. म्हणून ७२० ला बहुतेक काम उरकायचं आणि मग हळूहळू खाली यायचं. खाली विद्राव्यता कमी, त्यामुळे उरलेला नायोबियमही बाहेर पडतो, आणि तिथे वेग मंद असल्याने आधीचे कण फुगत नाहीत.

रॉकवेल_मिरज
आता मूळ प्रश्न. दोन पक्षांच्या भांडणात तिसरी शक्यता सुटतेय, त्याकडे येतो.

सगळ्यात आधी आकडा खरा आहे का ते बघा. गोल बारच्या वक्र पृष्ठभागावर रॉकवेल कमी दाखवतो, दुरुस्ती जोडावी लागते किंवा चपटी जागा करावी लागते. हवेच्या भट्टीतून आलेल्या जॉबचा वरचा थर क्रोमियम गमावलेला असतो, किमान अर्धा मिलिमीटर घासून मग ठसा घ्या. दोन ठशांमध्ये ठशाच्या व्यासाच्या तिप्पट अंतर ठेवा. मशीन ३५ च्या आसपासच्या स्टँडर्ड ब्लॉकवर तपासा, ६० च्या ब्लॉकवर तपासून उपयोग नाही.

आकडा खराच कमी असेल तर एक जॉब बळी द्या. त्यातून १५ ते २० मिलिमीटरचे तीन तुकडे कापा, खुणा करा.

पहिला तुकडा नुसता ७२० ला ४ तास. हार्डनेस तीन-चार अंकांनी चढली तर एजिंग कमी पडलं होतं, पहिला पक्ष जिंकला. जिथल्या तिथे राहिली किंवा उतरली तर नाही. इथे एक फसवणूक आहे: ७८०-८०० ला जास्त शिजलेला तुकडा ७२० आणि ६२० च्या पूर्ण सायकलमधून काढला तर एखाद-दोन अंक चढतोही, कारण खालच्या तापमानाला उरलेला नायोबियम नवे बारीक कण बनवतो. म्हणून एका अंकावरून निकाल देऊ नका.

दुसरा तुकडा खऱ्या ९८० ला १ तास, हवेत थंड, मग १८ तासांचं पूर्ण एजिंग. चढला तर आधीचं सोल्युशन किंवा एजिंग चुकलं होतं.

तिसरा तुकडा १,००० ला १ तास, पुढे तसंच. दुसरा फारसा चढला नाही आणि तिसरा त्याहून बराच चढला, तर एजिंगची चूकच नाही. नायोबियम डेल्टा फेजमध्ये अडकलाय.

थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) तुकड्यालाच बांधा. भट्टीच्या भिंतीतल्या थर्मोकपलवर विसंबून हा प्रयोग करू नका, नाहीतर मूळ चूक प्रयोगातही येईल.

विषय_हार्ड
डेल्टा म्हणजे?

कराड_सूक्ष्मदर्शक
गॅमा डबल प्राइम हा तात्पुरता पाहुणा आहे. नायोबियमला खरं घर करायचं असतं डेल्टा फेजमध्ये. रासायनिक प्रमाण तेच, तीन निकेलला एक नायोबियम, पण स्फटिकरचना वेगळी. ७१८ ला ६५० अंशाच्या वर दीर्घकाळ वापरत नाहीत त्याचं कारण हेच: चकत्या भरड होतात आणि हळूहळू डेल्टात बदलतात. डेल्टा सगळ्यात झपाट्याने बनतो ९०० च्या आसपास आणि साधारण १,००० ते १,०२० च्या वर विरघळतो. थोडा डेल्टा मुद्दाम ठेवतात, तो ग्रेनच्या (धातूतल्या स्फटिक दाण्यांच्या) सीमेवर बसून ग्रेन वाढू देत नाही. जास्त झाला की ताकदीचा खाऊ खाऊन टाकतो.

किती खातो त्याचा हिशेब करा. ७१८ मध्ये नायोबियम वजनाने ५ टक्क्यांच्या आसपास, अणूंच्या संख्येने ३.२ टक्के. डेल्टामध्ये दर चार अणूंत एक नायोबियम. म्हणजे नुसता ४ टक्के डेल्टा झाला तरी १ टक्का नायोबियम अडकला, एकूण पुंजीचा जवळपास एक-तृतीयांश. उरलेल्यातून कितीही निगुतीने एजिंग केलं तरी ४० कुठून येणार?

बघायचं कसं: गॅमा डबल प्राइमच्या चकत्या काही दहा नॅनोमीटरच्या. साध्या मायक्रोस्कोपची झेप २०० नॅनोमीटरपर्यंत. म्हणजे कण भरड झाले का ते ऑप्टिकलवर दिसणारच नाही, कुणी 'दिसले' म्हणालं तर विश्वास ठेवू नका. त्यासाठी चांगला एसईएम, आणि ७१८ साठी खरंतर टीईएम लागतो (दोन्ही इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप). डेल्टाच्या सुया मात्र ५०० पटीवर स्वच्छ दिसतात. आधी पॉलिश केलेला तुकडा एच करा (रसायनाने रचना उघडी करा): पाण्यात १० टक्के ऑक्झॅलिक अ‍ॅसिड, ६ व्होल्ट, काही सेकंद. किंवा कॅलिंग क्रमांक २: ५ ग्रॅम क्युप्रिक क्लोराईड, १०० मिली हायड्रोक्लोरिक, १०० मिली इथेनॉल. ग्लिसरेजिया वापरत असाल (१५ मिली हायड्रोक्लोरिक, १० ग्लिसरॉल, ५ नायट्रिक) तर ताजं बनवा, काम झालं की टाकून द्या. झाकण लावून बाटलीत ठेवू नका, वायू होऊन बाटली फुटते.

सुया ग्रेनच्या सीमेवर तुरळक असतील तर ठीक. सीमा ओलांडून ग्रेनच्या पोटात आडव्या-तिडव्या पसरल्या असतील तर तिसरा तुकडा चढणार, हे आताच सांगतो.

कुपवाडची_भट्टी
पण सोल्युशन ९८० लाच होतं. चार्ट आहे.

कंट्रोल_पॅनेल
चार्ट भट्टीच्या हवेचा असतो, जॉबचा नाही. बास्केट ठासून भरलं असेल तर बाहेरचे जॉब अर्ध्या तासात ९८० ला पोचतात, मधले तेव्हा ९२०-९४० ला असतात. कंट्रोलरने ९८० दाखवलं की सोकचा (तापमानाला मुरण्याचा) तास मोजायला सुरुवात, तास संपला की बाहेर. मधल्यांना ९८० चा सोक मिळालाच नाही, उलट डेल्टा ज्या पट्ट्यात आवडीने वाढतो त्या पट्ट्यातून ते सावकाश फिरून आले. आणि मिलमधून आलेल्या बारमध्ये डेल्टा आधीच असेल तर तो ९४० ला विरघळत नाही.

म्हणून सोक मोजायचा तो लोडच्या सगळ्यात जड आणि मधल्या जॉबला बांधलेल्या थर्मोकपलवरून. भट्टीचा सर्व्हे आठ कोपरे आणि मध्य असा नऊ ठिकाणी. एरोस्पेसच्या पायरोमेट्रीत (तापमान मोजणीच्या नियमांत) क्लास २ म्हणजे प्लस-मायनस ६ अंश, क्लास ५ म्हणजे प्लस-मायनस १४. रिकाम्या भट्टीचा सर्व्हे पास झाला म्हणून ठासून भरलेली भट्टी तशीच वागेल असं नाही. के-टाईप कपल ९८० ला महिनोन्महिने राहिलं की त्याचं रीडिंग सरकतं, एन-टाईप त्यामानाने स्थिर. एकच कपल सोल्युशनला आणि मग एजिंगला वापरू नका.

रॉकवेल_मिरज
कंट्रोल_पॅनेल यांना दुजोरा. आणखी एक विचार: एजिंगमध्ये ३०-४० अंशांची चूक झाली असती तरी एकट्या तिने ३३ आली नसती. ७१८ चं दुसरं मान्य एजिंगच ७६० ला १० तास, मग ६५० पर्यंत उतरवून एकूण २० तास असं आहे, आणि ते व्यवस्थित कडक होतं. तेलविहिरींच्या कामाला तर ७७४ ते ८०२ ला ६ ते ८ तास असं मुद्दाम जास्त शिजवतात, तिथे ३२ ते ४० एचआरसी चालते, ४० च्या वर चालत नाही. म्हणजे '३३ आली, नक्की ओव्हरएज' हा दुसऱ्या पक्षाचा तर्क, भट्टी ७२० ऐवजी ७८०-८०० ला गेल्याशिवाय, टिकत नाही. तेवढी चूक चार्टवर नाही तरी जॉबच्या रंगावर दिसली असती.

सातारा_टर्बो
विषय थोडा पुढे नेतो. ७१८ मध्ये धोका फेज बदलण्याचा, पण व्हॉल्व्ह आणि टर्बाईनमध्ये अस्सल भरड होणं बघायला मिळतं.

निमोनिक ८०ए च्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला १,०८० ला ८ तास सोल्युशन आणि ७०० ला १६ तास एजिंग देतात. व्हॉल्व्हचं डोकं ड्युटीवर ७५० च्या वर जात असेल तर इंजिन स्वतःच त्याला पुढचं एजिंग देत राहतं. नवीन व्हॉल्व्हची हार्डनेस कितीही सुंदर असो, काही शे तासांनी गळ्याजवळची हार्डनेस वेगळी असते. देठावर मोजून डोक्याचा निष्कर्ष काढणं ही नेहमीची चूक. दोन्हीकडे मोजा, फरक म्हणजेच तापमानाचा इतिहास.

टर्बाईन ब्लेडमध्ये गॅमा प्राइम ७० टक्क्यांपर्यंत नेतात, सीएमएसएक्स-४ सारख्या सिंगल क्रिस्टलमध्ये. तिथे कण गोल नसून चौकोनी ठोकळे, साधारण अर्ध्या मायक्रोमीटरचे. वेग कमी करायला ३ टक्के रेनियम आणि वर टंगस्टन, कारण हे जड अणू निकेलमध्ये फार हळू सरकतात. आणि कण व धातू यांच्या जाळीचं माप जवळपास सारखं ठेवतात, म्हणजे सीमेची ऊर्जा आणि ताण कमी. तरीही १,००० अंशाच्या आसपास ओढ बसली की ठोकळे ओढीला आडवे जोडले जाऊन पट्ट्या होतात, त्याला राफ्टिंग म्हणतात. तिथे त्रिज्येच्या घनाचं सूत्र विसरा.

जमिनीवरच्या गॅस टर्बाईनच्या ब्लेड जुन्या झाल्या की परत सोल्युशन आणि एजिंग देऊन भरड कण विरघळवून नव्याने बारीक काढतात. आयएन ७३८ साठी १,१२० ला २ तास, मग ८४५ ला २४ तास. कण परत येतात, क्रीपच्या (उष्णतेत ओढीखाली धातू हळूहळू ताणला जाण्याच्या) भेगा जात नाहीत, हे विक्रेता सांगत नाही.

तासगाव_टूलरूम
सूत्र प्रत्यक्षात जुळतं का? की पुस्तकातच?

विश्रामबाग_धातुशास्त्र
घनाचा नियम बऱ्यापैकी जुळतो. आर्डेल आणि निकोल्सन यांनी १९६६ मध्ये निकेल-अ‍ॅल्युमिनियमवर तो दाखवला. जुळत नाही तो आकारांचा विस्तार. सिद्धांत म्हणतो सरासरीच्या दीडपटीपेक्षा मोठा कण असूच नये, प्रत्यक्षात दिसतात. कारण सिद्धांत कण एकमेकांपासून अनंत दूर धरतो, आणि ५०-७० टक्के कण असले की शेजारी खेटूनच असतात. शिवाय सगळ्याच ठिकाणी घन बरोबर की वर्ग, यावर आर्डेलनेच २००५ मध्ये नवा वाद काढला. भट्टीवाल्याने घनच धरावा, फरक पडण्याइतकं अचूक मोजमाप आपल्याकडे होत नाही.

विद्राव्यता शून्याकडे नेली तर काय होतं तेही बघा: धातूत यट्रियम ऑक्साईडचे कण दळून घालतात, ऑक्साईड निकेलमध्ये विरघळतच नाही, त्यामुळे भरडही होत नाही. महाग आणि वेल्डिंगला नालायक, म्हणून सगळीकडे नाही.

वारणाकाठ_बॉयलर
कोजनवाल्यांसाठी (कारखान्यात वाफ आणि वीज एकत्र बनवणाऱ्यांसाठी) एक नोंद, कारण हाच घोळ पी९१ मध्ये (गरम वाफेच्या पाईपांचं क्रोमियम स्टील) होतो आणि तिथे माणसं उभी असतात.

पी९१ मध्ये दोन तऱ्हेचे कण. सीमेवर क्रोमियमचे कार्बाईड, १०० नॅनोमीटर आणि वर, हे बऱ्यापैकी लवकर भरड होतात. पोटात व्हॅनेडियम-नायोबियमचे बारीक कार्बोनायट्राईड, हे टिकाऊ. खरी क्रीपची ताकद दुसऱ्यांची. वेल्डिंगनंतरच्या हीट ट्रीटमेंटमध्ये तापवण्याचा पॅड सरकून एखाद्या जागी तापमान वर गेलं की तो पट्टा मऊ पडतो. १९० ब्रिनेलच्या खाली आकडा आला की संशय घ्या. तो पट्टा परत टेंपर करून कधीच सुधारत नाही. १,०४० ते १,०८० ला नॉर्मलाईज आणि मग ७३० ते ८०० ला टेंपर, अख्ख्या तुकड्याला, नाहीतर कापून नवा. साईटवर नुसती कॉईल गुंडाळून नॉर्मलाईज करू नका, कॉईलच्या काठाला नवा मऊ पट्टा तयार होतो.

चालू नळीचा हिशेब लार्सन-मिलरने (तापमान आणि तासांची सांगड घालणारं सूत्र). स्थिरांक २० धरून: ५४० ला १ लाख तास टिकणारी नळी त्याच ताणाला ५७० ला सुमारे १३ हजार तास टिकते. गाळप १६० दिवसांचं धरलं तर हंगामाला ३,८४० तास. म्हणजे २६ हंगामांची नळी साडेतीन हंगामांत. पी९१ ला स्थिरांक ३० च्या जवळ घेतात, तेव्हा चित्र याहून वाईट येतं. आणि ५७० व्हायला वाफ ५७० ची लागत नाही. नळीच्या आत ऑक्साईडचा थर साचला की वाफेचा मीटर ५४० दाखवतो आणि धातू वर असतो.

कंट्रोल_पॅनेल
अ‍ॅल्युमिनियमवाल्यांसाठी अर्धी ओळ: तिथे डोंगराचे दोन उतार ओळखायला तुकडे कापावे लागत नाहीत. एडी करंटचा कंडक्टिव्हिटी मीटर लावा. ७०७५ या मिश्रधातूच्या टी६ स्थितीला तांब्याच्या ३३ टक्क्यांच्या आसपास, जास्त शिजवलेल्या टी७३ ला ३८ च्या वर. हार्डनेस कमी आणि कंडक्टिव्हिटी जास्त म्हणजे ओव्हरएज. दोन्ही कमी म्हणजे कमी शिजलं.

कुपवाडची_भट्टी
तीन तुकड्यांचा निकाल, सगळे लोडच्या मधल्या जॉबमधून, मूळ हार्डनेस ३३.
पहिला, ७२० ला ४ तास: ३३.५
दुसरा, ९८० आणि पूर्ण एजिंग: ३६
तिसरा, १,००० आणि पूर्ण एजिंग: ४१
मायक्रोस्कोपमध्ये मूळ तुकड्यात सुया ग्रेनच्या पोटापर्यंत. लोडच्या कडेच्या जॉबची हार्डनेस नंतर मोजली, ती ३८-३९.

कराड_सूक्ष्मदर्शक
सरळ डेल्टा. दोन्ही पक्ष हरले 🙂
तिसऱ्या तुकड्याचा ग्रेन साईझ बघितला का? डेल्टा गेला की ग्रेन मोकाट सुटतो.

कुपवाडची_भट्टी
एएसटीएम ७ होता, ६ झाला (आकडा लहान तितका ग्रेन मोठा). ड्रॉईंगला ५ चालतो.

रॉकवेल_मिरज
मग लॉट वाचतो. १,००० हे या स्पेसिफिकेशनच्या ९४१ ते १,०१० च्या पट्ट्यात बसतं, पण री-सोल्युशनला ग्राहकाची लेखी परवानगी आधी घ्या, टीसीवर (टेस्ट सर्टिफिकेटवर) दोन्ही सायकल लिहा. फिनिश मापाचे जॉब असतील तर हवेच्या भट्टीत टाकू नका, व्हॅक्युम किंवा आर्गॉन. एजिंगमध्ये जॉब थोडा आकसतो, आणि सोल्युशनला परत तेवढाच फुलेल याचा भरवसा नाही. बास्केट निम्मं भरा, मधल्या जॉबला कपल, आणि त्या कपलने ९९५ ओलांडल्यावर तास मोजा. १,०१० च्या वर एक अंशही नको.

कुपवाडची_भट्टी
बास्केट निम्मं म्हणजे चार चार्ज. एजिंगच्या मध्ये लाईट गेली तर? १८ तासांत एकदा तरी जातेच.

कंट्रोल_पॅनेल
दार उघडू नका. भट्टी ७२० वरून घसरून ६५० ला आली आणि तासाभराने परत चढली तर फारसं बिघडत नाही, झालेले कण कुठे जात नाहीत. कपल ७१० च्या वर असलेला वेळ बेरीज करून ८ तास पूर्ण करा, चार्टवर तसं लिहा. धोका उलटा आहे: लाईट आल्यावर कंट्रोलर पूर्ण पॉवर देतो आणि कडेचे जॉब ७६०-७७० ला जातात. रॅम्प (तापमान चढण्याचा वेग) ताशी १०० च्या आत बांधा, ओव्हरटेंपरेचरचा स्वतंत्र कट-ऑफ ७३५ ला लावा. सोल्युशनच्या वेळी गेली तर वेगळं. तेव्हा जॉब ९०० च्या पट्ट्यात बसून राहतात आणि डेल्टा परत. जनरेटर नसेल तर लगेच बाहेर काढून हवेत थंड करा आणि लाईट आल्यावर सोल्युशन पहिल्यापासून.

विषय_हार्ड
म्हणजे एजिंगला लाईट गेली तर दार बंद, सोल्युशनला गेली तर दार उघडा. भट्टीवर पेंटने लिहून ठेवतो.

कंट्रोल_पॅनेल
लिहा. आणि खाली ९९५ चा आकडा पण.